आग्नेय कोपरा

लोखंडाच्या पेटीत राहायला माझी कधीच ना नव्हती. माझं म्हणणं एवढंच होतं, की घर म्हटलं की वास्तुशांत रीतसर झाली पाहिजे आणि वास्तुपुरुष जमिनीच्या पोटात गेला पाहिजे. यात कुठे काही वावगं आहे का? तेव्हा मला कोणी वावगं म्हटलं असतं, तर त्याला मी माझ्या पानावरून उठवलं असतं. माझा स्वभावच तसा आहे.

मी कुंदा घरत. उरणच्या अलीकडे, यार्डाच्या रस्त्यावर, ट्रेलरवाल्यांना जेवू घालण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. त्यांच्या ट्रेलरवरचे ते कंटेनर म्हणजे माझ्या लेखी रस्ता अडवणारी धुडं. त्यातच एक दिवस संसार मांडायचा आहे, हे मला कोणी सांगितलं असतं तर मी हसून हसून लोळले असते. पण नदीतली वाळू काढायला बंदी आली, विटांच्या भट्ट्या बंद झाल्या, आणि बोटींवरून रिटायर झालेले कंटेनर मात्र इथे डोंगरासारखे पडून होते. मग निघालीच ती घरं. माझा मुलगा निकेत बंदरात क्रेन चालवतो आणि सून प्रणाली जुन्या कंटेनरांची घरं बनवणाऱ्या यार्डात तपासनीस आहे. म्हणजे आमच्याकडे घर येणार ते पेटीचंच, हे ठरल्यातच जमा होतं.

खरं सांगते, घर झकास झालं. दोन लांब पेट्या शेजारी शेजारी ठेवून मधला पत्रा कापला, एक आखूड पेटी आडवी लावून त्यात स्वयंपाकघर आणि न्हाणीघर काढलं. खिडकीतून खाडी दिसायची. पत्र्याच्या आतून जाड अस्तर, त्यामुळे उन्हाळ्यातसुद्धा भट्टी व्हायची नाही. मी सगळ्या विहिणींना, जावांना बोलावून बोलावून दाखवलं.

एकच भानगड होती, ती जमिनीची. प्रणालीने मला ती पाट मांडून बसवून समजावली होती. कंटेनरची जमीन असते जाड लाकडी फळ्यांची. बोटी देशोदेशी फिरतात, फळ्यांतून एका देशातली वाळवी, भुंगे दुसऱ्या देशात जायला नकोत, म्हणून फळ्या बनवतानाच कीटकनाशकात मुरवून काढतात. लोणच्यात फोड मुरते तशा. ते औषध वर्षानुवर्षं लाकडातून जात नाही, आणि लाकूड तापलं की थोडं थोडं हवेत चढतं. बोटीवर बटाट्याची पोती असतात, त्यांना काय फरक पडतो! पण माणूस तिथे झोपतो, रांगतो, जेवतो. म्हणून यार्डात त्या फळ्यांवर रेझिनचा, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या चिकाचा, एक जाड थर ओततात. तो अखंड असला की खालचं वर येत नाही. किल्ली हातात देताना प्रणाली प्रत्येकाला बजावायची, "जमिनीत खिळासुद्धा ठोकायचा नाही."

आणि कोणी ठोकलाच तर कळावं म्हणून घरात ते यंत्र. सरकारी नाव काहीतरी लांबलचक आहे, मी त्याला हुंग्या म्हणायचे. म्हणे पतंगाच्या मिशांना कोसावरच्या मादीचा वास कळतो, अगदी दोन-चार कण हवेत असले तरी. शास्त्रज्ञांनी त्या मिशांतला वास धरणारा पदार्थ प्रयोगशाळेत वाढवला आणि नखाएवढ्या चकतीवर बसवला. प्रत्येक कणाचा आकार वेगळा. भांड्यावर त्याचंच झाकण बसावं तसा प्रत्येक कण आपापल्या जागी बसतो, आणि कुठली जागा भरली ते बघून यंत्र सांगतं, हवेत काय आहे. असे लाखो खळगे एका चकतीवर. दर खोलीत एक हुंग्या, कायद्यानेच.

तर वास्तुशांतीचा दिवस. घर पाहुण्यांनी भरलेलं, होम पेटायच्या बेतात. भटजींनी तांब्याची ती एवढीशी प्रतिमा तबकात ठेवली आणि म्हणाले, "हल्ली फ्लॅटमध्ये आम्ही मातीच्या बोळक्यात घालून आग्नेयेच्या कोपऱ्यात वरच ठेवतो. शास्त्राला चालतं."

"शास्त्राला चालत असेल, मला चालत नाही," मी म्हटलं. "वास्तुपुरुष काय शोपीस आहे? तो घराच्या पोटात पालथा निजला पाहिजे."

प्रणाली मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "आई, जमीन कापता येणार नाही. तुम्हाला सांगितलंय ना मी?"

"एवढंसं भोक पाडायचं. तुमच्या यार्डात रोज मोठमोठ्या खिडक्या कापतात."

"खिडकी पत्र्यात असते. हे जमिनीत आहे."

"मग मी जेवत नाही," मी म्हटलं, आणि बाहेर येऊन सगळ्यांच्या देखत भिंतीला टेकून बसले. हा माझा जुना डाव. नवऱ्यावर चालायचा, मुलावर चालायचा. माझ्या जावा एकमेकींकडे बघायला लागल्या. एक जण कुजबुजली, मला ऐकू येईल इतपत, "सुनेचं घर आहे बाई, तिचंच चालणार." प्रणालीच्या कानावर ते गेलं. ती तडक यार्डात गेली, गोल भोक पाडायचं यंत्र घेऊन आली आणि आग्नेयेच्या खोलीत गुडघ्यावर बसली. भुसा उडाला, उग्र वास आला. भटजींनी प्रतिमा ठेवली, प्रणालीने वरून चीक ओतला. उठताना मला म्हणाली, "आई, हा वाळायला वेळ लागतो. आणि वाळल्यावरसुद्धा इथे गरम काही ठेवायचं नाही. तापला की तडकतो."

मी हो म्हटलं. आणि त्याच संध्याकाळी तिथे समई लावली. अहो, वास्तुपुरुषासमोर दिवा नको? रोज लावायला लागले. हुंग्या बोंबलायचा. पण तो कशाने बोंबलत नव्हता? हिंगाची फोडणी, धूप, सुकट भाजली तर विचारूच नका, चाळीत चोर शिरल्यासारखा ओरडायचा. मी प्रणालीच्या मागे भुणभुण लावली, "तो मेला दिव्यालासुद्धा राहू देत नाही." शेवटी तिने आग्नेयेच्या खोलीतल्या हुंग्याचा आवाज बंद करून टाकला. लोकांना करू नका सांगणारी बाई, माझ्या कटकटीला वैतागून तिने ते केलं.

मग ऋतुजा आली. माझी लेक, पहिलटकरीण. डोहाळजेवण आटपून सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी. तिचं सासर अलिबागच्या बाजूला. जावई सौरभ तिकडेच बँकेत, आणि व्याही हरिभाऊ पाटील म्हणजे हाडाचे शेतकरी. पांढरा कांदा, वांगी, वाल, दुधी. येताना गाडी भरून भाजी घेऊन आले होते. "विहीणबाई, पोरीला ताजं खायला घाला," म्हणाले. मी लेकीला घरातली सगळ्यात चांगली खोली दिली. खाडीचा वारा येणारी, आग्नेयेची. खाट कोपऱ्याला लावली, म्हणजे दिव्याचा उजेड तिच्या उशाशी पडेल.

हळूहळू तिचं डोकं दुखायला लागलं. मळमळ तर होतीच. बोटांना मुंग्या येतात म्हणायची, दरदरून घाम फुटायचा. "आई, मला इथे कसंतरीच होतं गं," ती म्हणाली. मी तिला हसले. "पहिली खेप आहे, असंच होतं. माझ्या वेळी मला तर भिंतसुद्धा फिरताना दिसायची." लिंबू-सरबत करून दिलं आणि परत त्याच खाटेवर निजवलं. माझ्या हातांनी पांघरूण घातलं.

तपासणीला प्रणालीही आमच्याबरोबर आली. डॉक्टरीणबाईंनी ऋतुजाला एका नळीत श्वास सोडायला लावला. ती चकती आता दवाखान्यातही आली होती. शरीरात जे शिरतं त्याचा अंश श्वासातून बाहेर पडतो, आणि पतंगाच्या मिशा तो पकडतात. आकडे बघून बाईंच्या कपाळाला आठी पडली.

"यांच्या अंगात कीटकनाशक आहे. थोडं नाही, आणि एका दिवसाचंही नाही. बाळापर्यंत जातं हे. घरी फवारणी होते का?"

माझं तोंड सुटलं. "होते ना! हिच्या सासरी सगळी वाडी आहे. सासरे पाठीला पंप लावून फिरतात. त्यांनी दिलेली भाजी खातोय आम्ही!"

"तुमच्या घराचं काय? कंटेनरचं आहे ना?" बाईंनी विचारलं.

"आमच्या घरात शक्यच नाही. ही माझी सून स्वतः तपासनीस आहे," मी प्रणालीकडे बोट दाखवलं. प्रणाली पांढरीफटक पडली होती. तिने तोंड उघडलं, पण मी मोबाइल काढून बाहेर पडलेसुद्धा.

हरिभाऊंना मी काय काय बोलले ते आता आठवलं तरी जीभ हासडून टाकावीशी वाटते. "तुम्ही माणूस आहात की कसाई? नातवंड पोटात असताना सुनेला विष चारलंत!" पलीकडून ते फक्त "अहो विहीणबाई... अहो..." एवढंच म्हणत राहिले. शेवटी म्हणाले, "माझं चुकलं असेल. पोर कशी आहे?" मी फोन ठेवून दिला.

घरी आल्यावर ऋतुजा पुढच्या खोलीत आडवी झाली. मी वात वळून समईशी गेले, तर प्रणाली कोपऱ्यात बसलेली. हातात भिंतीवरून काढलेला हुंग्या. तिने त्याचा आवाज सुरू केला आणि चिकाच्या त्या ठिगळाजवळ धरला. असा किंचाळला, की माझ्या हातून वात पडली. ठिगळाला केसाएवढी भेग गेली होती, समईच्या बुडाच्या गोलाबरोबर.

"आई, हरिभाऊंचा काही संबंध नाही," ती म्हणाली. तिला रडू आवरत नव्हतं. "हे आपल्याच घरातलं आहे. मी भोक पाडलं, मी आवाज बंद केला. मी आत्ता डॉक्टरांना सांगते."

मी दार लोटून घेतलं. "गप्प बस. नोकरी जाईल तुझी. शिवाय बाळंतीण व्हायची आहे ती, तिला कशाला आणखी घोर? तू हे नीट बुजव, मी तिची खाट पलीकडे नेते. झालं. पुढे काही होणार नाही."

"आणि हरिभाऊ?"

"त्यांना मी समजावीन नंतर."

सुनेच्या नोकरीची कणव मला एकाएकी कुठून आली? खोटं बोलत होते मी. घंटाभरापूर्वी ज्या माणसाला कसाई म्हटलं, त्यालाच परत फोन करून चुकले म्हणायचं, या विचारानेच माझ्या अंगाला काटा आला होता. माझ्या जावा काय म्हणतील, गाव काय म्हणेल, याचा हिशेब चालला होता डोक्यात. मग प्रणालीने ते ठिगळ खरवडून काढलं, आतली फळी साफ केली आणि यार्डातल्या पद्धतीने थरावर थर देऊन भोक बंद केलं. त्या कोपऱ्यात मी पुन्हा दिवा लावला नाही.

यंत्राला खोटं बोलता येत नाही, पण त्याचं खरं आम्ही कसं वाकवलं बघा. खाट हलवल्यावर ऋतुजाचा श्वास दर तपासणीला सुधारत गेला. डोकं दुखायचं थांबलं, मुंग्या गेल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सासरपासून लांब ठेवलंत, भाजी बंद केलीत, छान केलंत." ऋतुजाला दुसरा पुरावा कशाला हवा होता? तिने सौरभला फोनवर सांगितलं, "मी बाळाला घेऊन त्या वाडीत पाऊल ठेवणार नाही. तुझे बाबा तरी तिथे राहतील, नाहीतर मी तरी येईन." सौरभ दोन्हीकडून भरडला गेला. तिकडून बातमी आली, की हरिभाऊंनी उभ्या कांद्यावर नांगर फिरवला आणि पंप फोडून टाकला. वांगी किडीने खाऊन टाकली तरी औषधाला हात लावला नाही. जन्मभर जे हातचं कसब म्हणून मिरवलं, तेच पाप म्हणून डोक्यावर घेऊन तो माणूस घरात बसला.

मी रोज ठरवायचे, उद्या सांगते. सकाळी लेकीचा हसरा चेहरा बघितला की वाटायचं, आता कशाला उकरायचं? प्रणाली माझ्याशी कामापुरतं बोलायची. जेवायला वाढताना माझ्या डोळ्यांत बघायची नाही. निकेत विचारायचा, "तुमचं काय बिनसलंय?" आम्ही दोघी एकदमच म्हणायचो, "काही नाही." सासू-सुनेचं एवढं एकमत उभ्या आयुष्यात झालं नव्हतं.

मुलगी झाली. गोरीपान, कुरळ्या जावळाची. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "सध्या तरी सगळं ठीक दिसतंय. पण अशा बाळांचे हातपाय, बोलणं, समज यांच्यावर काही वर्षं लक्ष ठेवावं लागतं. आत्ता कोणीच छातीठोक सांगू शकत नाही." ती बोटं मुठीत घट्ट धरायची. मी दिवसातून शंभरदा माझं बोट तिच्या मुठीत देऊन बघायचे, धरते ना, धरते ना.

बारशाला घर पुन्हा भरलं. आमच्यासारख्याच पेट्यांच्या घरांतल्या सगळ्या शेजारणी आल्या. पाळणा सजला, घुगऱ्या शिजल्या. अलिबागची मंडळी आली, आणि हरिभाऊ पायरीवरच थांबले. नवे कपडे, ओले केस. इतके वाळले होते, की मी क्षणभर ओळखलंच नाही. सौरभने आतून हाक मारली, "बाबा, या ना." ते हलले नाहीत.

मला अजूनही कळत नाही मी तसं का केलं. कदाचित चारचौघांत मोठेपणा मिरवायचा म्हणून असेल. मी बाळाला पाळण्यातून उचललं आणि त्यांच्यापुढे धरलं. "घ्या हरिभाऊ, नात घ्या."

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "नको, विहीणबाई. आंघोळ करून आलोय, हात चांगले घासलेत, पण जन्मभराचं औषध आहे ते, साबणाने जातंय का कोणास ठाऊक. लेकरू सांभाळा. मी इथूनच बघतो." आणि ते खरंच बघायला लागले, मान वाकडी करून, डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू.

त्या हसण्यापुढे माझं उरलंसुरलं बळ गेलं. मी बाळाला छातीशी धरून तिथेच खाली बसले. "हरिभाऊ, तुमच्या हातांना काही नाही. कधीच नव्हतं. विष माझ्या घरातलं आहे. मी हट्टाने जमीन फोडायला लावली, वर दिवा लावला आणि पोटच्या पोरीला तिथे निजवलं. आणि कळल्यावर तुमच्या नावावर खपवलं."

प्रणाली पुढे आली. "भोक मी पाडलं. हुंग्याचा आवाजही मीच बंद केला."

तिचं बोलणं संपायच्या आत पाठीमागे कुजबुज झाली. आमच्या शेजारची बाई घाबऱ्या आवाजात विचारत होती, "प्रणाली, आमचा वास्तुपुरुषसुद्धा जमिनीतच पुरलाय गं. काही होतं का?" दुसरी म्हणाली, "आमचापण. तुझ्या सासूनेच तर सांगितलं होतं, बोळक्यात ठेवू नका." मग एकेक बाई उठली, तान्ह्यांना कडेवर घेतलं आणि आपापल्या घरच्या कोपऱ्याकडे निघाली. कोणी पळत गेली. प्रणालीने पदर खोचला, हुंग्या उचलला आणि त्यांच्या मागोमाग घरं तपासायला गेली. जाता जाता तिने यार्डात फोन लावला आणि स्वतःचं नाव घेऊन सगळं सांगितलं. तिची नोकरी त्याच फोनवर गेली.

राहिली ऋतुजा. पाळण्याच्या दोरीला धरून उभी होती.

"आई, तुला कधी कळलं?"

मला वाटलं होतं ती भोकाचं विचारेल, दिव्याचं विचारेल. त्याची उत्तरं माझ्याकडे होती. मला कळत नव्हतं, माझी श्रद्धा होती, माणूस चुकतो.

"डॉक्टरकडून आलो, त्याच संध्याकाळी."

"म्हणजे मी सौरभला तसं बोलले तेव्हा तुला माहीत होतं? बाबांनी कांदा नांगरला तेव्हा माहीत होतं?"

"होतं," मी म्हटलं. ती माझ्याजवळ आली, वाकली आणि माझ्या कुशीतून बाळ काढून घेतलं. रागाने हिसकावलं असतं तरी बरं वाटलं असतं. अगदी सावकाश घेतलं, झोपमोड होऊ नये म्हणून. पायरीशी जाऊन तिने बाळाला हरिभाऊंपुढे धरलं. तिने स्वतः त्यांचे हात पाठीमागून पुढे आणले आणि त्यात बाळ ठेवलं. मग सौरभला म्हणाली, "गाडी काढ. नाव आपण आपल्या घरी ठेवू."

निकेतने पिशव्या नेऊन ठेवल्या. मी गाडीपर्यंत गेले, अनवाणीच. ऋतुजा मागच्या सीटवर बसली. हरिभाऊ बाळ घेऊन बसण्याआधी माझ्यापाशी थांबले. तो माणूस देवाने कुठल्या मातीचा घडवला कोण जाणे. म्हणाले, "विहीणबाई, झालं ते झालं. आजी आहात, एकदा घ्या तिला."

मी लेकीकडे बघितलं. तिने हो म्हणावं एवढ्यासाठी मी काहीही दिलं असतं. ऋतुजा माझ्याकडेच बघत होती, पण तिची मान हलली नाही.

मी हात पुढे केले नाहीत. "निघा तुम्ही, ऊन व्हायच्या आत पोचाल," एवढंच म्हटलं, आणि ते आत बसल्यावर गाडीचं दार लावून दिलं.